मुनीमजींचं खातं आहे, अक्काचं नाही

आमच्या आडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या दुकानात, बारदान्याचंसुद्धा वेगळं खातं आहे. कोणाकडे आमची किती पोती गेली, किती परत आली, किती फाटकी आली, हे चाळीस वर्षांमागचंही सापडेल. हमाली, तोलाई, चहा, गणपतीची वर्गणी, तराजूची दुरुस्ती, सगळ्याला पान आहे. आजोबांच्या सगळ्यात जुन्या वह्यांमधला हिशेब निजामाच्या हाली शिक्क्यातला, म्हणजे त्याच्या राज्यातल्या रुपयांतला. त्यातही गड्याला दिवाळीत दिलेलं धोतर त्याच्या नावानं टाकलेलं आहे. मात्र ज्या घरच्या माणसांनी हे दुकान तीन पिढ्या ओढलं, त्यांच्या कामाचं पान एकाही वहीत नाही. माझं नाही, वहिनींचं नाही. अक्काचं तर नाहीच.

घरच्या धंद्यात राबणाऱ्या प्रत्येकाचा पगार लिहिला गेला पाहिजे आणि लिहिलेला पैसा त्याच्या हातात पडला पाहिजे, एवढंच मला म्हणायचं आहे. ऐकायला किरकोळ वाटेल. लातूरच्या मार्केट यार्डात हे बोलून बघा. लोक तुमच्याकडे घर फोडायला निघाल्यासारखं बघतात.

आधी दुकानानं काय दिलं ते सांगतो, नाहीतर मी नुसता रडगाणं गातोय असं वाटायचं. पाचवीत असल्यापासून सुट्टीत मी गादीच्या कडेला बसायचो. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून खालचा माल वर काढायचा, कारण वरचा माल नेहमीच चांगला असतो. तुरीचा दाणा दाताखाली धरला की ओल किती ते कळायचं. पुढं सोयाबीन आलं, मॉइश्चरचं मशीन आलं, तरी मशीनवर आकडा उमटायच्या आत म्हातारे हमाल आकडा सांगायचे आणि बहुतेकदा तो बरोबर निघायचा. सकाळी पोटलीत, म्हणजे नमुन्याच्या बोलीत, भाव निघतो, मग मालाचा सौदा होतो, आणि दोन्हींत फरक पडला की शेतकऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, त्याला आधी पाणी द्यायचं, हे अप्पांनी, माझ्या वडलांनी, मला शिकवलं. दालमिलवाल्याचे पैसे आठ-पंधरा दिवसांनी येणार. औशाहून, निलंग्याहून आलेल्या माणसाला मात्र आज संध्याकाळच्या गाडीनं पैसे घेऊन जायचं असतं. या दोन तारखांच्या मधल्या पोकळीत जो स्वतःचा पैसा घालतो तो आडत्या. बाकी काटा काय, कुणीही लावेल.

एकदा माझ्या हातून पट्टीत, म्हणजे शेतकऱ्याला देतो त्या हिशेबाच्या चिठ्ठीत, वजन चुकलं. शेतकऱ्याला १४० रुपये कमी गेले. संध्याकाळी मेळ घालताना अप्पांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एसटीनं त्या माणसाच्या गावी पाठवलं, फाट्यावरून पुढं चार किलोमीटर चालत. परत आल्यावर तिकिटाचे पैसे दुकानाच्या खर्चात पडले आणि १४० रुपये शेतकऱ्याच्या खात्यावर. तो शेतकरी पुढं पंधरा वर्षं दुसऱ्या आडतीत गेला नाही. पत म्हणजे काय हे त्या दिवशी कळलं, आजही त्याच्यावरच जगतो. पण आता ती वही काढून बघतो तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत खुपते. तिकीट लिहिलं, फरक लिहिला, माझा दिवस कुठंच लिहिला नाही.

‘पगार कशाला? सगळं तुझंच तर आहे.’ घरच्या धंद्यात वाढलेल्या प्रत्येकानं हे वाक्य ऐकलेलं असतं. त्यात माया आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्यातलं ‘सगळं’ कधी मिळणार याची तारीख नसते आणि ‘तुझंच’ म्हणजे नेमकं किती याचा आकडा नसतो. आमच्या दुकानात बिनतारखेची, बिनआकड्याची चिठ्ठी घेऊन कुणी आला तर आम्ही त्याला गादीवर बसूसुद्धा देणार नाही.

गंमत अशी की सरकारची नजरही घरातल्या थोरल्या माणसासारखीच. शेतकऱ्याला आडत्यानं नाडू नये म्हणून १९६३ चा बाजार समितीचा कायदा आहे. हमालासाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. २०१६ मध्ये आडत, म्हणजे आमचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं, तेव्हा सगळा बाजार ढवळून निघाला. या पन्नास वर्षांत आडत्याच्या घरात फुकट राबणाऱ्या माणसाकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात त्याला एक क्रमांक तेवढा आहे, २१. घरच्या उद्योगातला बिनपगारी मदतनीस. ‘मदतनीस’ हा शब्द मला भारी वाटतो. पहाटे दुकान उघडणारा आणि रात्री कुलूप लावणारा मदतनीस! बालकामगार कायद्यातही २०१६ च्या दुरुस्तीनं शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्या धंद्याला हात लावायची मुभा ठेवली आहे. मी गादीच्या कडेला बसून जे शिकलो ते बघता ती मुभा काढून टाका असं मी म्हणणार नाही. पण त्या मुभेच्या आड एक समजूत बसली आहे, घरचं काम हे काम नव्हे. पोर मोठं झालं, पन्नाशीला आलं, तरी ती हलत नाही.

आणि दुकानात कोणाला बसवायचं हे आमच्याकडं कसं ठरतं? मार्कांवर. लातूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला आडत बाजार आठवत नाही, ‘लातूर पॅटर्न’ आठवतो. राज्यभरातून पोरं इथं बारावीला येतात, खोल्या भाड्यानं घेऊन राहतात, रात्री दोन वाजेपर्यंत खिडक्यांत दिवे दिसतात. या गावातल्या व्यापाऱ्याच्या घरात थोरला हुशार निघाला की तो डॉक्टर नाहीतर इंजिनियर. ज्याला मार्क कमी पडले त्याला दुकान. आमच्या घरातही तेच झालं. दादा पुण्याला गेला, मी राहिलो. दादाच्या शिक्षणाचा पैसा दुकानातून गेला आणि तो जावा असंच मलाही वाटत होतं, याबद्दल आजही खंत नाही. पण हिशेब बघा. दादानं कमावलेला प्रत्येक रुपया पहिल्या पगारापासून त्याच्या नावावर. मी मिळवलेला प्रत्येक रुपया घराचा.

याला कायद्याचंही पाठबळ आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचा विचार आपल्याकडं मिताक्षरा या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथावरून होतो, आणि मिताक्षरा लिहिणारे विज्ञानेश्वर आमचे शेजारीच म्हणायचे. चालुक्यांच्या ज्या कल्याणीत त्यांनी ती लिहिली ते आजचं बसवकल्याण, उमरग्याच्या पलीकडं. पुढं इंग्रजांच्या राज्यात १९३० साली कायदा झाला की विद्येच्या बळावर जे कमावलं ते ज्याचं त्याचं, मग त्या विद्येचा खर्च घरानं केलेला असला तरी. त्या काळात शिकलेल्या पोरांसाठी हे बरोबरच होतं. पण मॉइश्चर दातानं ओळखणं ही विद्या नव्हे काय? कोणत्या दालमिलचा चेक परत येईल हे त्या मालकाच्या चहा पिण्यावरून ओळखणं कोणत्या कॉलेजात शिकवतात? घर सोडून जाणाऱ्याची विद्या त्याची झाली, राहणाऱ्याची घरात जिरली.

आता पुतण्याचं सांगतो, म्हणजे यात माझाही हात कसा आहे ते कळेल. बी.कॉम. झाला, जीएसटी आल्यापासून आमचं टॅलीवरचं सगळं तोच बघतो. पंचवीस वर्षांचा बाप्या माणूस. महिन्यातून तीनदा मोबाईलवर निरोप येतो, ‘काका, पेट्रोलला पाचशे टाका.’ मी टाकतो. मागितल्यावर मी कधी नाही म्हटलं नाही, या गोष्टीचा मला बरीच वर्षं अभिमान होता. मग त्याच्यासाठी मुली बघायला सुरुवात झाली. बायोडाटात ‘वार्षिक उत्पन्न’ असा रकाना असतो. त्यानं लिहिलं, ‘घरचा व्यवसाय’. मुलीच्या वडलांनी सरळ विचारलं, ‘ते झालं हो, पण मुलाच्या नावावर काय?’ आम्ही दुकान दाखवलं, गोडाऊन दाखवलं, आजोबांचा फोटो दाखवला. त्यांनी चहा घेतला आणि गेले. मुलगी बँकेत नोकरीला होती, कर्जाच्या फायली बघणारी. बिनआकड्याच्या माणसाला ती कशी हो म्हणणार? मराठवाड्यात शेतकऱ्याच्या आणि दुकानदाराच्या पोरांना मुली मिळत नाहीत म्हणून आपण मुलींना नावं ठेवतो. मला तरी त्या मुलीचा बाप आमच्यापेक्षा चांगला आडत्या वाटला. त्यानं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला.

इथं कुणी म्हणेल, आमच्याकडं पगार लिहितात बरं का. लिहितात, मला माहीत आहे. सीए मार्चमध्ये लिहितो. घरातल्या बायकांच्या नावानं फर्मा असतात, पगार असतो, कमिशन असतं, त्यांची आयकराची विवरणं जातात. आमची दुसरी फर्म वहिनींच्या नावावर आहे. सरकारदरबारी वहिनी भुसार मालाच्या मोठ्या व्यापारी आहेत. चेकबुक काकांच्या कपाटात, आणि त्यातले आठ-दहा चेक वहिनींनी सह्या करून कोरे ठेवलेले.

२०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन आमच्या बाजारात क्विंटलला १० हजारांच्या वर गेलं. यार्डात त्या दिवसांत लोक सोयाबीनबद्दल सोन्यासारखं बोलत होते. वहिनींच्या फर्मच्या नावानं आमच्याकडं माल धरलेला होता. काका म्हणाले, बारा होतंय, थांबा. मला आतून वाटत होतं की विकावं. चुलतभावालाही वाटत होतं. पुतण्यानं तर मोबाईलवर बातमी दाखवली, केंद्रानं १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली म्हणून. कुणी तोंड उघडलं नाही. का? कारण ज्याचा हिस्सा लिहिलेला नाही त्याला तोटा होतो म्हणून बोलायचाही हक्क नसतो. नोकर असता तर बोलला असता, त्याला दुसरी नोकरी आहे. भागीदार असता तर भांडला असता. आम्ही दोन्ही नव्हतो. नवा माल आला आणि दसऱ्यापर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर. फर्म ज्यांच्या नावाची, त्या वहिनींना तोटा कळला तो भांडी घासणाऱ्या बाईकडून. तिचा नवरा आमच्याकडं हमाल आहे.

म्हणून नुसतं लिहून भागत नाही. ज्याचं नाव लिहिलं त्याच्या खात्यात पैसा गेला पाहिजे, आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड त्याच्याच पाकिटात पाहिजे. भागीदारीपत्रात कोण काम करणार आणि त्याला किती, हे लिहिता येतं. १९३२ च्या भागीदारी कायद्यापासून येतं. काम करणाऱ्या भागीदाराचा पगार ठरावीक मर्यादेत खर्च म्हणून आयकरालाही चालतो. अडचण कायद्याची नाहीच. किती द्यायचा यावरही फार डोकं लावायला नको. ती जागा उद्या रिकामी झाली तर बाहेरचा माणूस कितीला ठेवाल? तेवढा.

काकांचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मी हा विषय पहिल्यांदा काढला तेव्हा ते म्हणाले, ‘काय रे, बाहेरच्यावानी पगार मागू लालास काय?’ मग शांत झाले आणि बहात्तरचा दुष्काळ सांगितला. बाजारात माल नव्हता, दुकान उघडून बसायचं आणि बंद करायचं. मुनीम गेला, गडी सरकारी खडीच्या कामावर गेले. आजोबा, अप्पा आणि काका, तिघांनी एक पैसा न उचलता दोन वर्षं दुकान धरून ठेवलं. पगारी माणसावर ते टिकलं नसतं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मीही हेच केलं आहे. दुष्काळी मुलखातला धंदा घरच्यांच्या पोटाला चिमटा काढून जगतो, हे खरं आहे. पुण्या-मुंबईच्या व्यवस्थापनाच्या पुस्तकात हे नसतं आणि ती पुस्तकं वाचून आलेल्यांनी आम्हाला शिकवूही नये.

पण काकांना मी विचारलं, दुष्काळात शेतकऱ्याला दिलेली उचल आपण काय केली? माफ केली नाही. पुढच्या सुगीवर टाकली, बाकी म्हणून वहीत ठेवली. दोन सुग्यांनी, तीन सुग्यांनी फेडून घेतली. मग घरच्यांचं तसंच का नाही? द्यायला नाहीत तर देऊ नका, थकवा. पण थकलेलं लिहा. बाकी दिसली की माणसाला धीर असतो, आणि सुगी आली की घरालाही आठवण राहते. बहात्तरची त्या तिघांची बाकी कुणी लिहिली असती, तर पुढं अप्पा आणि काका यांच्यात गोडाऊनवरून दोन वर्षं अबोला झाला तो कदाचित झाला नसता. ‘मी जास्त केलं’ असं दोघांनाही वाटत होतं आणि दोघेही आपापल्या परीनं खरं बोलत होते. पगारानं घर फुटतं असं म्हणतात. मी बाजारात जेवढ्या वाटण्या पाहिल्या, त्यांत पंचांपुढं प्रत्येकजण मनातली खतावणी घेऊन बसलेला असतो, आणि मनातल्या खतावणीत फक्त आपली जमा असते.

कायकाची गोष्ट काढतात आमच्याकडं. काम हाच कैलास, त्याचा मोल कसला मागतोस. बसवण्णांचं नाव घेऊन पोरांना फुकट राबवणाऱ्यांना मी बसवण्णांच्याच काळातल्या आयदक्की लक्कम्माची आठवण करून देतो. सांडलेले तांदूळ वेचून जगणारं जोडपं. नवऱ्यानं एक दिवस रोजच्यापेक्षा जास्त आणले तर तिनं ते परत टाकून यायला लावले. म्हणजे कायक म्हणजे हिशेब नको असं कुठं आहे? तिला तर मापही ठाऊक होतं आणि नवऱ्याला सुनवायची हिंमतही होती.

राहिली अक्का.

१९८७ साली ती नववीत होती तेव्हापासून आमच्या दुकानाची रोजकीर्द तिनं लिहिली. दुकानात बसून नव्हे, मुलीनं गादीवर बसायचं नसतं. मागच्या खोलीत. मी दुपारी कच्च्या चिठ्ठ्या नेऊन द्यायचो, रात्री ती मेळ घालायची. तिचं अक्षर इतकं स्वच्छ की बँकेचे साहेब वही बघून विचारायचे, मुनीम नवा ठेवला का. ९३ च्या भूकंपानंतर यार्डातून किल्लारीकडं धान्याची पोती गेली त्याची यादी तिच्याच हातची आहे. मे १९९४ मध्ये तिचं लग्न झालं. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क देणारा कायदा लागू झाला, पण तो त्या दिवसाच्या आधी लग्न झालेल्यांना नव्हता. एका महिन्यानं हुकलं. मग २००५ मध्ये केंद्राच्या दुरुस्तीनं ती अटही गेली. २०१२ साली, अप्पा गेल्यावर वर्षभरानं, काही शे रुपयांच्या स्टँपवर अक्कानं हक्कसोडपत्रावर सही केली. सही करताना ती हसत होती. तहसीलच्या बाहेर आम्ही उसाचा रस प्यायलो, वहिनींनी तिला साडी नेसवली. माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करतात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. मीही बोललो नाही. सहीसाठी तिला फोन केला होता तो मीच.

मिळकतीचा हक्क ती सोडून बसली, ते आता कागदावर झालं. पण सात वर्षांची मजुरी हा हक्क नव्हे, देणं आहे. हक्कसोडपत्रात त्याचा उल्लेख नाही. मी पुन्हा काढून वाचलं.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी खतावणी पुजली, शुभ-लाभ लिहिलं, आणि आतल्या पानांवर मी पुतण्याचं खातं उघडलं, वहिनींचं उघडलं, माझ्या बायकोचं उघडलं. हो, तिचंही राहिलं होतं. आडतीला येणाऱ्यांचं जेवण बत्तीस वर्षं कोण करतंय? काकांनी चष्मा लावून प्रत्येक पान बघितलं, काही बोलले नाहीत. एका पानावर मी अक्काचं नाव लिहिलं आणि अडलो. आकडा काय टाकायचा? शेवटी तिलाच फोन लावला.

आधी हसली. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ‘मी लिहायचे त्या वर्षांत मुनीमजी नव्हते आपल्याकडं. आधीचे गेले ते शहाऐंशीत, आणि नवे आले ते माझ्या लग्नानंतर. चौऱ्याण्णवची वही काढ. जूनपासून त्यांचं पान असेल.’

माळ्यावरून वही काढली. पान आहे. जून १९९४, मुनीमजी खाते, दरमहा रुपये १,१००. त्याच्या आदल्या पानावर मे महिन्याचा मेळ, अक्काच्या अक्षरात. शेवटची तारीख तिच्या हळदीच्या दिवसाची.